फाडून आणलेला फ्रॉक

"हिला आधी मळवा," ती बाई म्हणाली.

मळवा. हे माझ्याबद्दल होतं. मी तेव्हा दुसरीत होते.

बुद्धपौर्णिमा होती. विहारात वंदनेला बसायचं म्हणून आईनं सकाळीच न्हाऊ घातलेलं. अंगात नवाकोरा पांढरा फ्रॉक. तेल लावून घातलेल्या दोन वेण्या. आमची वस्ती उमापूरच्या अलीकडं, मालकाच्या उसाला लागून. मालकाच्या जीपमागून मुंबईच्या दोन गाड्या आल्या. कॅमेरे उतरले, पांढऱ्या छत्र्या उतरल्या, जरीचे घागरे घातलेल्या दोन उंच पोरी उतरल्या. आणि ही बाई. मोठी फॅशन डिझायनर. तिला तिच्या घागऱ्यांचे फोटो आमच्या घरांपुढं काढायचे होते. सोबत आम्हीही पाहिजे होतो.

पण आम्ही स्वच्छ होतो. सण होता आमचा. तिचं तोंड वाकडं झालं.

"असे नकोत," ती मालकाला म्हणाली. "रोज असतात तसे हवेत."

रोज आम्ही कसे असतो हे तिला कुणी सांगितलं होतं?

मालक आईला म्हणाला, "काढ गं पोरीचा फ्रॉक. बाई म्हणत्यात तसं कर."

"सन हाय आज, मालक," आई म्हणाली. तेवढंच. ती त्याच्याच रानात खुरपायला जायची. मालक नुसता बघत राहिला. आईनं मला घरात नेलं.

बाईच्या माणसानं पिशवीतून एक फ्रॉक काढला. तोही नवा. दुकानातली घडी मोडली नव्हती. त्यानं माझ्यासमोर कात्री घेतली आणि खांद्यावर फाडला. मग घेर फाडला. कपातला उरलेला चहा त्यावर ओतला. मातीत घोळवला. माझी गरिबी मुंबईहून आणली होती, तीसुद्धा अर्धवट. उरलेली इथं तयार केली.

तो फ्रॉक मला घातला. वेण्या सोडल्या. चुलीतली राख तेलात कालवून त्या माणसानं माझ्या गालांना फासली. त्याच्या बोटांना अत्तराचा गोड वास होता. अजून तसा वास आला की मी गाल पुसते.

मी रडायला लागले. आई पुढं आली.

"राहू द्या," बाई म्हणाली. "रडू द्या तिला. छान येतंय."

घागरेवाली पोरगी माझ्याशेजारी उभी राहिली. तिचा हात माझ्या डोक्यावर. फोटोत तसं दिसतं. हात टेकला नव्हता. बोटभर वर धरला होता, तेल लागू नये म्हणून.

वंदना चुकली. संध्याकाळी आईनं माझं तोंड इतकं घासलं की गाल हुळहुळायला लागले. मी कितीतरी दिवस तिच्याशी बोलले नाही. फ्रॉक तिनं काढला होता ना.

आता मी माजलगावला कॉलेजात इतिहास शिकवते. परवा एका विद्यार्थिनीनं मोबाइल पुढं केला. "मॅडम, हे तुमच्याकडचं गाव आहे ना?" मुंबईच्या एका संग्रहालयात त्या बाईच्या सगळ्या कारकिर्दीचं प्रदर्शन लागलं होतं. त्याच्या जाहिरातीवर मी होते. राख फासलेली, रडणारी.

रविवारी आईला घेऊन गेले.

थंडगार दालनं. मंद उजेड. बिनडोक्याच्या पुतळ्यांवर कपडे. आणि शेवटच्या दालनात भिंतभर माझं तोंड. त्याखाली काचेच्या पेटीत तो फ्रॉक, दिव्याखाली. पाटीवर लिहिलेलं: 'मराठवाड्यातील शेतमजूर मुलीचा फ्रॉक. डिझायनरला फाटक्या कापडातलं सौंदर्य इथं प्रथम गवसलं.'

पाटी मी आईला वाचून दाखवली. ती पेटीजवळ गेली.

"ह्यो तर त्यांनीच फाडलाता," ती म्हणाली. तिचा आवाज रानातला, मोकळा. लोक वळून बघायला लागले.

"आजी, हळू बोला," रखवालदार म्हणाला.

आई माझ्याकडं वळली. "म्या कावून गप बसले गं तवा?"

उत्तर मला माहीत होतं. तिलाही होतं. मालकाचं रान, मालकाचा बांध, आणि त्याला लागून आमचं घर. मी तिचा हात धरला. इतकी वर्षं मी चुकीच्या माणसावर रागावले होते.

दुपारी त्या बाईचं व्याख्यान होतं. केस पांढरे झालेले, अंगात खादी. मातीशी असलेल्या नात्याबद्दल बोलली. शेवटी आयोजक म्हणाले, प्रश्न विचारा. मी उठले. म्हणाले, "ती मुलगी मी आहे. ही माझी आई. आम्ही त्या दिवशी स्वच्छ होतो. तुम्ही मला मळवलंत. तो फ्रॉक माझा नाही. तुमच्या माणसानं तो कात्रीनं फाडला. पाटी खोटी आहे."

एकानं टाळी वाजवली. मग सगळ्यांनी. काही जण उभे राहिले. मागून कुणी म्हणालं, "काय ताकदीनं बोलली."

मला शिसारी आली. राख फासली तेव्हासुद्धा इतकी आली नव्हती.

बाई खाली आली. तिचे डोळे ओले होते. तिनं माझे दोन्ही हात धरले. "तुझा राग मला समजतो."

"तुझा नाही, तुमचा म्हणा," मी म्हणाले. आणि हात काढून घेतले.

मागोमाग संग्रहालयाची अधिकारी बाई आली. उत्साहानं लालबुंद. "हे तुम्ही कॅमेऱ्यासमोर बोलाल? आपण फोटोच्या शेजारीच लावू. आईंनाही बसवू." तिनं आईला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "फक्त पदर डोक्यावर घेतील का त्या?"

आई माझ्याआधी बोलली. "न्हाई."

मी म्हणाले, "फोटो उतरवा. फ्रॉक पेटीतून काढा."

"ते समितीला ठरवावं लागेल. पण यावर चर्चा जरूर व्हायला हवी," ती म्हणाली. "आपण एक परिसंवाद ठेवू."

आम्ही बाहेर पडलो. आई पायरीवर बसून पाणी प्यायली. मग तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला.

तेव्हापासून त्यांचे फोन येतात. फार गोड बोलतात. परिसंवादाला या, तुम्हाला व्यासपीठावर बसवतो, तुमची बाजू ऐकायची आहे. मी प्रत्येकाला एकच सांगते. माझी बाजू ऐकून झाली, टाळ्याही वाजवून झाल्या. मी व्यासपीठावर बसणार नाही. मुलाखत देणार नाही. माझा राग कुणाच्या दालनात मांडू देणार नाही. गावातल्या बायकांशी बोलले आहे. त्याही त्या फोटोत मागं उभ्या आहेत, त्यांनाही कुणी विचारलं नव्हतं. आम्ही सगळ्या संग्रहालयात जाणार आहोत. हाकललं तर पुन्हा जाणार आहोत.

त्यांना चर्चा पाहिजे. आम्हाला ती भिंत रिकामी पाहिजे.