उन्हाळ्यातल्या वजनाचं पान

रायपूर नुकतंच राजधानी झालं होतं. जुन्या कचेऱ्यांवर नव्या पाट्या लागत होत्या. आमच्या हवाई दलाच्या हेलिकॉप्टरांच्या छोट्या तुकडीला विमानतळाच्या कडेला पत्र्याच्या दोन खोल्या मिळाल्या होत्या. एकीत वैमानिक बसत, दुसरीत मी. मी सार्जंट, काम पुस्तकांचं.

उड्डाणाचं पुस्तक बांधलेलं नसतं. जाड फाइलीत सुटी पानं अडकवलेली असतात, कारण ती बदलत राहतात. दुरुस्तीचं पाकीट आलं की जुनं पान काढायचं, नवं घालायचं, जुनं अधिकाऱ्यासमोर जाळायचं आणि नोंदीत दोघांनी सही करायची. पाकिटात एक यादी असते, कोणतं पान आता चालू ते सांगणारी. आधी नवी पानं यादीशी मोजायची, मगच जुन्याला हात लावायचा. हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. बारा वर्षं मी तेच करत होतो.

त्या मे महिन्यात एक मोठं पाकीट आलं. साक्षीला असणारे अधिकारी दुपारच्या गाडीनं सुटीवर जाणार होते. ते दारात उभे राहून घड्याळ बघत होते. "जल्दी करो यार, पन्ने ही तो हैं." मी पुस्तकाच्या दोन्ही प्रतींमधली जुनी पानं काढली, मागच्या ड्रममध्ये जाळली, सह्या झाल्या, ते गेले. मग पंख्याखाली बसून मी नवी पानं मोजायला घेतली.

एक पान नव्हतं. पुन्हा मोजली. पाकीट उलटं करून झटकलं. दुसऱ्या प्रतीच्या संचातही तेच पान नव्हतं; छापखान्यातूनच राहिलं असावं. आणि पान कोणतं, तर भर उन्हात हेलिकॉप्टर किती वजन घेऊन उठू शकतं, त्याचा तक्ता. जुना जळलेला, नवा आलेला नाही.

मुख्यालयाला फोन लावला. पलीकडचा माणूस शांतपणे म्हणाला, "तुम्ही सही केली ना? मग जुनं पान रद्द. नवं डाकेनं पाठवू."

"फॅक्स करा ना साहेब."

"गोपनीय पुस्तक आहे ते. फॅक्स कसं करणार?"

त्याचं बरोबर होतं. नियम मलाही पाठ होते. मी कॅप्टनसाहेबांना, म्हणजे आमच्या मुख्य वैमानिकांना, जाऊन सगळं सांगितलं, माझी चूक आहे हेही. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

संध्याकाळी चौबे कॉलनीतल्या घरी ताट समोर होतं आणि मी भात नुसता चिवडत होतो.

"काहून जी, जेवून नाही राहिले?" बायकोनं विचारलं.

"एक पान हरवलं."

"मंग आणा न दुसरं."

"येईन ते डाकेनं."

तिला त्याहून जास्त सांगता येत नव्हतं, आणि सांगून तरी तिनं काय केलं असतं?

तिसऱ्या दिवशी सकाळी बस्तरमधून निरोप आला. तेंदूपत्ता तोडायला गेलेली एक पोट्टी दरडीवरून पडली होती, कण्याला मार होता. रस्त्यानं आणलं तर हाल होणार. कॅप्टनसाहेब माझ्या खोलीत आले. "इस गर्मी में मशीन कितना उठाएगी, बताओ."

मी पुस्तक उघडलं. का उघडलं कोण जाणे. रिकामी जागा त्यांनाही माहीत होती.

"सर, पान आलं नाही."

जुने आकडे त्यांना आठवत होते, पण ते बदललेत म्हणूनच तर नवं पान निघालं होतं. "मी अंदाजानं वजन कमी धरतो. पेशंट आणि डॉक्टर, बस," ते म्हणाले आणि सही करून गेले.

दुपारी हेलिकॉप्टर उतरलं. स्ट्रेचर उतरवायला मी धावत गेलो. पोट्टी सोळा-सतराची असेल. गोंडीत काहीतरी बोलत होती, आमच्यातल्या कोणालाच गोंडी येत नव्हती. डॉक्टर घामाघूम झाले होते. त्यांनी सांगितलं, "आई सोबत यायला निघाली होती. पायरीवर पाय ठेवला होता तिनं. उतरवावं लागलं." पोट्टी मान वळवता येत नसताना डोळ्यांनी आजूबाजूला शोधत होती. "यायो, यायो," म्हणत होती. ते समजायला भाषा लागत नव्हती. मी तिच्या डोक्यावर सावली धरून ॲम्ब्युलन्सपर्यंत चाललो. "येईल, आई येईल," मी मराठीत म्हटलं, मग हिंदीत. तिला दोन्हींतलं काही कळलं नाही.

आणखी दोन दिवसांनी पान आलं. मी दार लावून ते वाचलं. त्या दिवसाच्या तापमानावर बोट ठेवलं, रेघेवरून खाली आलो. आई बसली असती. आईच्या जोडीला आणखी एक माणूस बसला असता. मी दोन्ही प्रतींत एकेक पान घातलं, सही केली, आणि रजा घेऊन इस्पितळात गेलो. बायकोनं घरची दोन लुगडी आणि डबा दिला होता.

आई आदल्या संध्याकाळीच पोचली होती; आधी पायी, मग ट्रकमधून, मग बसनं. खाटेपाशी जमिनीवर बसली होती. पोट्टी झोपली होती. नर्स म्हणाली, ऑपरेशन झालं, पाय हलतील की नाही ते आत्ताच सांगता येत नाही. आई आली नव्हती तोवर हिनं पाणीसुद्धा घेतलं नाही, दुखतं कुठे हेही कोणाला समजलं नाही.

आईला मोडकी छत्तीसगढी येत होती. माझा गणवेश बघून ती उठली आणि तिनं माझे दोन्ही हात धरले.

"तहीं लाने हस ना मोर नोनी ला, बेटा?"

तिच्या पोरीला मीच आणलं, हेलिकॉप्टर मीच चालवलं, असं तिला वाटत होतं. मला सांगायचं होतं. पान, यादी, सही, ड्रममधली राख, हे सगळं कोणत्या भाषेत सांगायचं? माझ्या तोंडून छत्तीसगढीत एवढा होकारच निघाला, "हव, दाई."

तिनं माझे हात कपाळाला लावले. मी डबा तिच्याजवळ ठेवला आणि ती जेवायला लागेपर्यंत तिथेच उभा राहिलो.