दादाची पहिली सही

व्यंगचित्राची चौकट बंद झाली त्या सकाळी पेपरात तिच्या जागी गाद्यांच्या दुकानाची जाहिरात होती. पहिल्या पानावर, अगदी खाली, चार ओळींचा खुलासा होता: आमच्या व्यंगचित्रकारांनी एका जाहीर कार्यक्रमात काढलेल्या उद्गारांशी हे वृत्तपत्र सहमत नाही; त्यांचे दैनंदिन चित्र यापुढे प्रसिद्ध होणार नाही. मी तो उभ्याउभ्याच वाचला. गॅसवरचा चहा तोवर आटून गेला होता.

माझा मोठा भाऊ त्याच्या आदल्या वर्षी गेला. आम्ही दोघं भोईवाड्यात, वडिलांच्याच दोन खोल्यांत राहिलो. लग्न दोघांनीही केलं नाही. तो बंदरात कारकून होता, मी शाळेत मराठी शिकवायची. दोघंही निवृत्त झाल्यावर आमचं बोलणं कमी होत गेलं. रुसवा वगैरे काही नव्हता, बहुतेक सगळं बोलून झालं होतं. सकाळचं चित्र मात्र राहिलं. दादा पेपर आधी घ्यायचा, चित्राखालची ओळ तळहाताने झाकायचा आणि पेपर माझ्यापुढे धरायचा.

"हं, बोला बाई."

मग मी ओळ ओळखायची. एकदा चित्रात एक पुढारी रस्त्यातल्या खड्ड्यात कमरेपर्यंत उभा राहून फीत कापत होता. मी म्हटलं, "तळमजल्याचं उद्घाटन." दादाने हात काढला. खाली काहीतरी वेगळंच होतं, आता मला आठवतही नाही. "तुझी जास्त बरी आहे," तो म्हणाला, आणि दिवसभर भेटेल त्याला माझीच ओळ चित्रकाराची म्हणून सांगत सुटला.

शेवटच्या दिवसांत इस्पितळात त्याला पेपर पेलवत नसे. मी धरायची आणि तो ओळीवर दोन बोटं ठेवायचा. दोन बोटांखाली ओळ मावायची नाही, मला सगळी दिसायची. तरी मी विचार करत असल्यासारखी थांबायची आणि चुकीचं काहीतरी सांगायची. तो गेल्यावरही मी सकाळी स्वतःच्याच हाताने ओळ झाकत असे. एकटीने तो खेळ खेळता येत नाही, पण सकाळ सुरू तर व्हायला हवी.

दादाने आणि बँकेतून निवृत्त झालेल्या त्याच्या एका मित्राने मिळून दादरच्या एका वाचनालयात या चित्रकाराच्या चाहत्यांचा कट्टा सुरू केला होता. दर रविवारी माडीवरच्या खोलीत आठवड्याची चित्रं टाचण्यांनी फळ्यावर लावायची आणि हात वर करून त्यांतलं एक निवडायचं. हरलेल्या बाजूने खाली जाऊन भजी आणायची. भजीवरून नव्हे, पण चित्रांवरून तिथे खरीखुरी भांडणं होत. दादा घरी येऊन मला ती सगळी सांगायचा. मी कधी गेले नव्हते. तो गेल्यावर एक दिवस कट्ट्यावरचे लालबागचे शिंपीकाका दारात येऊन उभे राहिले. आत आले नाहीत, चपलाही काढल्या नाहीत.

"आयतवारी तुमी येवा," ते म्हणाले. "तेची खुर्ची रिकामी बघूक होणा नाय."

म्हणून मी जायला लागले. दादाच्या खुर्चीत बसायची, फारसं बोलायची नाही. पण तिथे दर वेळी कोणी ना कोणी म्हणायचं, "हे चित्र त्याला आवडलं असतं," किंवा, "यावर तर त्याने आपल्याला सोलून काढलं असतं." आठवड्यातून एक सकाळ माझा भाऊ असा दुसऱ्यांच्या तोंडी जिवंत असायचा. घरी त्याच्याविषयी बोलायला मला कोणी नव्हतं.

चित्रकाराच्या त्या जाहीर कार्यक्रमाचा व्हिडिओ कट्ट्याच्याच ग्रुपवर आला. शाल-श्रीफळ झालं होतं, प्रकट मुलाखत चालू होती. कोणते चेहरे काढायला अवघड जातात, असं मुलाखतकाराने विचारलं. आता शहरात आफ्रिकेतले विद्यार्थी फार दिसतात, चित्रकार म्हणाले, ते चेहरे मी काढत नाही; देवानेच व्यंगचित्र काढून ठेवलंय, त्यात मी काय भर घालणार? सभागृह हसलं. त्या हसण्याने त्यांना जोर आला. आमच्या इमारतीत तसले दोघे भाड्याने आले होते, ते म्हणाले, आम्ही सगळ्यांनी मिळून त्यांना पळवून लावलं. माणसांच्या वस्तीत माणसांनीच राहावं. इथेही लोक हसले, पण कमी. पेपरने त्यांना माफी मागायला सांगितलं. जे बोललो ते विचार करूनच बोललो, असं त्यांचं उत्तर आलं.

मी तो व्हिडिओ दोनदा पाहिला. दुसऱ्या वेळी चित्रकाराच्या हातांकडे पाहत होते. बोलताना ते हवेत बोटाने जाड ओठ काढून दाखवत होते, आणि रेघ सुरेख होती. हवेतसुद्धा ती दिसली.

चौकट बंद झाली त्या दिवशी ग्रुपवर दिवसभर संदेश येत राहिले. एका वाक्यासाठी आयुष्यभराचं काम कचऱ्यात? हसायचीही परवानगी काढायची का आता? पेपर बंद करा, उद्यापासून विक्रेत्याला सांगा. कुणी जुनी चित्रं टाकत होतं, कुणी त्याखाली हात जोडत होतं. माझी एक जुनी विद्यार्थिनी संध्याकाळी भेटायला आली, तिला मी हे सांगितलं. "बरंच झालं की बाई," ती म्हणाली, "असल्या माणसाला छापतात कशाला?" आणि तिच्या मुलीच्या शाळाप्रवेशाचं सांगू लागली. तिचं चुकलं असं मला म्हणता येईना. पेपरने केलं ते मला पटलं होतं. पण ज्यांना ते पटलं होतं त्यांचं काहीच गेलं नव्हतं, आणि ज्यांचं काही गेलं होतं ते सगळे संतापलेले होते. माझ्याबरोबर नुसतं गप्प बसेल असं कोणी मला दिसेना.

त्याच आठवड्यात नाक्यावर फ्लेक्स लागला. कल्पना चिटणीसांची, दादाच्या त्या बँकवाल्या मित्राची. पेपरने चौकट मारली, तर तिची श्रद्धांजलीच लावू, म्हणजे लोक थांबून वाचतील. छापणाऱ्याकडे श्रद्धांजलीचा साचा तयारच असतो: वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', दोन बाजूंना तेवत्या समया, खाली 'शोकाकुल: समस्त चाहते'. 'रोजच्या चौकटीस' हे शब्द त्याने बारीक घातले. मधली जागा रिकामी दिसते म्हणून चित्रकाराचा हसरा फोटो टाकला. आमच्या नाक्यावर असा फ्लेक्स उभ्याने कोण वाचतो? फोटो आणि समया पाहिल्या की माणसं हात जोडून पुढे जातात.

दुपारपर्यंत फ्लेक्सला झेंडूचा हार पडला होता. आमच्या मजल्यावरची शेजारीण भाजी घेऊन वर आली ती थेट माझ्या दारात.

"ऐकलंत का? तुमचे ते चित्रवाले गेले हो! नोकरीवरून काढलं तेच लागलं असणार जिवाला."

"ते आहेत," मी म्हटलं. "चित्र बंद झालंय."

"अगं बाई! मग मी उगाच रडले नाक्यावर?" ती पिशवी खाली ठेवून हसायलाच लागली. "आणि तो फळवाला म्हणतो, चांगल्या माणसाला लवकर नेतो देव!"

मीही हसले. संध्याकाळी मात्र मुद्दाम खाली उतरून पाहायला गेले. फ्लेक्स त्याच रेलिंगला बांधला होता जिथे दादाचा बांधला होता. दादाचा फोटो ऑफिसच्या निरोप समारंभातला होता, कापून मोठा केलेला, आणि कडेला दुसऱ्या कुणाचा तरी खांदा राहून गेला होता. अगदी उतरवून नेईपर्यंत मी त्या खांद्याकडेच बघायची, दादाकडे बघवत नसे म्हणून. आता त्या जागी तो हसणारा, जिवंत माणूस पाहून मला जे वाटलं त्याला राग म्हणणं बरोबर होईल. बराच काळ मला राग आला नव्हता.

रविवारी फळ्यावर टाचण्याच होत्या. चिटणीसांना चित्रकाराच्या घरूनच फोन आला होता. "त्यांच्या सौभाग्यवती हो! म्हणाल्या, हार घातलात ते ठीक, पण सकाळपासून लोक सांत्वनाला येतायत आणि हे स्वतःच दार उघडतायत." सगळे हसले, शिंपीकाका तर डोळे पुसेपर्यंत. मग चिटणीसांनी टेबलावर कागद ठेवला. संपादकांना निवेदन. चौकट पुन्हा सुरू करावी, नाहीतर खाली सही करणारे सगळे पेपर बंद करतील.

"आता ताई," ते माझ्याकडे वळले, "पहिली सही त्याची पाहिजे. कट्टा त्याने काढला. 'कै.' लिहून नाव आपण टाकतो, त्यापुढे 'यांच्या वतीने' म्हणून तुम्ही सही करा. मजकुरावरून एकदा नजर फिरवा, तुमचं मराठी चांगलं."

मी मजकूर वाचला. त्यात एकही चूक नव्हती. आफ्रिकेतल्या त्या विद्यार्थ्यांचा उल्लेख कुठेच नव्हता. 'एका किरकोळ विनोदावरून' एवढंच होतं.

"माझी सही राहू दे," मी म्हटलं. "आणि दादाचं नाव घालू नका."

"का?"

मला नीट सांगता आलं नाही. "तो नाहीये," असं काहीतरी म्हटलं.

"ताई, तो आमचाही होता," चिटणीस म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. त्यामुळे जास्त लागलं. "तो असता तर हा कागद मला लिहावाच लागला नसता. त्यानेच लिहिला असता."

मी पर्स घेतली आणि उठले. जिन्यात शिंपीकाका मागून आले, कठड्याला धरून, एकेक पायरी मोजून टाकत.

"ऱ्हवा जरा. माका एक सांगा. तो असतो तर सही करतो की नाय?"

तो असता तर कोणाच्या बाजूने उभा राहिला असता, हे मी त्या आठवड्यात रोज स्वतःला विचारलं होतं. दादाला एकदा धरलेला माणूस सोडता येत नसे. ऑफिसात ज्याच्यावर चौकशी बसली त्याच्या शेजारीच हा डबा खायला बसायचा. चित्रकाराविषयी कुणी वावगं बोललं तर घरी येऊन जेवायचा नाही. माझ्या मनासारखं उत्तर मला कितीही हवं असलं तरी ते त्याच्यात सापडत नव्हतं.

"केली असती," मी म्हटलं.

"मग?"

"मग मी त्याच्याशी भांडले असते. त्याला म्हटलं असतं, त्या दोन पोरांनी खोली सोडली तेव्हा त्यांच्या शेजारी कोण जाऊन बसलं? तिथे का नाही गेलास डबा घेऊन? त्याने माझं ऐकलं नसतं कदाचित. पण ऐकलंही असतं. काका, त्याचं मत बदलायची संधी मला मिळायला हवी होती. ती न मिळता तुम्ही त्याचं नाव कायमचं त्या कागदावर ठेवताय."

शिंपीकाकांनी वर खोलीच्या दाराकडे बोट केलं. "ह्यां वर सांगूचा होता," ते म्हणाले. "माका एकट्याक जिन्यात काय सांगतस?"

ते मला पहिल्यांदाच अगंतुगं करत होते. मी परत वर गेले. दारातच उभी राहिले आणि जे त्यांना सांगितलं तेच सगळ्यांना सांगितलं. मधेच शब्द सुटत होते, वर्गात कधी सुटले नव्हते तसे. चिटणीसांनी चष्मा काढून पुसला. मग पेन घेतलं आणि कागदावरचं दादाचं नाव खोडलं, दोन आडव्या रेघा मारून. त्याच्या खाली त्यांनी स्वतःची सही केली. मग कागद पुढे सरकवला, आणि माझ्यामागून आत आलेल्या शिंपीकाकांनीही केली. कुणी मला वाईट बोललं नाही. कुणी 'बसा' म्हणालं नाही.

पेपरने निवेदनाला उत्तर दिलं नाही. ग्रुपवरचे संदेश हळूहळू थांबले, निदान माझ्या फोनवरचे तरी. पुढच्या रविवारी मी नेहमीसारखी हिंदमात्यावरून चालत दादरला गेले. पूल ओलांडताना मनात वाक्यं जुळवत होते. आता चित्र नाही, तर दुसरं काही वाचू या का, असं सुचवायचं होतं. जुन्या मासिकांतली चित्रं वाचनालयात पुष्कळ आहेत.

माडीवरच्या खोलीला कुलूप होतं. खाली वाचनालयाचा शिपाई खिडकीजवळ मासिकं लावत होता.

"ते लोक आता चिटणीससाहेबांच्या घरी जमतात ना बाई. मागच्या बुधवारीच किल्ली देऊन गेले. तुम्हाला कळवलं नाही?"

"कळवलं असेल," मी म्हटलं. "माझं फोनकडे लक्ष नसतं."

त्याने मान हलवली. मग पंखा लावून दिला आणि माझ्यासाठी खिडकीजवळची खुर्ची ओढली. लगेच निघून गेले असते तर तो विचारात पडला असता. म्हणून मी एक मासिक उचललं आणि वाचत बसले.