पंपघराची दोन कुलपं

शामराव उमाटे गेले हे कळलं, तेव्हा आधी माझा विश्वासच बसला नाही. आमच्या गृहनिर्माण संस्थेची वार्षिक सभा तोंडावर आली होती, आणि सभा आली की शामराव काहीतरी केल्याशिवाय राहत नसत. वाटलं, यातही काही डाव असेल. मग त्यांच्या दारात चपलांचा ढीग दिसला... त्याला आता महिना होत आला.

पंचवीसेक वर्षांपूर्वी आम्ही काही कारकून-मास्तरांनी मिळून नागपूरच्या कडेला जमीन घेतली, प्लॉट पाडले, चिठ्ठ्या टाकून वाटून घेतले. कमिटी निवडायची सभासदांनी, हात वर करून. मी सचिव झालो आणि शेजारचे शामराव झाले माझे कायमचे विरोधक. नळ आले नव्हते. साऱ्या ले-आउटचा, म्हणजे आमच्या वस्तीचा, जीव एका विहिरीवर, आणि पंपघराची किल्ली माझ्याकडे. भर सभेत शामराव उभे राहत. "काल दुपारी पंप काहून चालून राहिला होता, सेक्रेटरी?" मी सांगायचो, वायरमन दुरुस्ती पाहत होता. "असन," म्हणून ते खाली बसत. 'असेल बुवा' अशा सुरातल्या त्या एका शब्दानं माझ्या अंगाची लाहीलाही व्हायची.

शेवटी त्यांनी ठरावच आणला: पंपघराला दोन कुलपं, एक सचिवाचं, एक विरोधकाचं. मी चिडून विचारलं, "माझ्यावर भरवसा नाही का तुमचा?"

"हाये ना. म्हणून तं एक कुलूप तुमचं ठेवलं."

तेव्हापासून रोज सकाळी आम्ही दोघं आपापली किल्ली घेऊन विहिरीवर. परतताना त्यांच्याकडे चहा होऊ लागला. तिथंही पहिला घोट कोणी घ्यायचा, याची दोघं वाट पाहायचो. तरी एखाद्या सकाळी ते आले नाहीत तर मला करमत नसे, हेही खरं.

मग एका मे महिन्यात शामराव भाचीच्या लग्नाला उमरेडला गेले, किल्ली कमरेच्या करदोट्याला तशीच. दुपारपर्यंत माझ्या दारात रिकाम्या बादल्यांची रांग लागली. मी हातोडी घेतली आणि त्यांचं कुलूप फोडलं. पुढच्या सभेत त्यांनी एवढंच विचारलं, "सेक्रेटरीनं कुलूप कोणाच्या परवानगीनं तोडलं?" ज्यांच्या घागरी मी भरल्या होत्या, त्यांनीच त्यांच्या बाजूनं हात वर केले. माझं पद गेलं, वर 'कुलूपफोडे' हे नाव चिकटलं. शामराव सचिव झाले आणि त्याच संध्याकाळी नवं कुलूप घेऊन माझ्या घरी आले. "हे तुमचं. आता तुम्ही माह्यावर लक्ष ठेवा."

किल्ली ते विसरून घेऊन गेले की मुद्दाम? हा काटा माझ्या मनात इतकी वर्षं सलत राहिला. दवाखान्यात शेवटचे भेटलो तेव्हा म्हटलं, "शामराव, आता तरी सांगा."

"तुम्हाले काय वाट्टे?"

"मुद्दाम नेली."

"असन," म्हणाले, आणि कुशीवर वळले.

शामराव शेवटपर्यंत सचिव होते; परवा त्यांच्या पत्नीनं, वहिनींनी, त्यांच्याकडच्या संस्थेच्या किल्ल्या मला आणून दिल्या. नळ केव्हाच आले, पण पंपघराला दोन्ही कुलपं अजून आहेत. किल्ल्या बरोबर आहेत का, ते पाहायला गेलो. वहिनींवर संशय नव्हता, पण सवय जात नाही. पहिलीनं त्यांचं कुलूप उघडलं. दुसरी सहज म्हणून माझ्या कुलपाला लावली... तेही उघडलं. माझी किल्ली तर माझ्या घरी खिळ्याला टांगलेली.

म्हणजे इतकी वर्षं शामराव एकटे दार उघडू शकत होते. पण उन्हाळ्यात वहिनींची घागरही सगळ्यांसोबत रांगेत असायची. की कधी मीच किल्ली घेऊन लग्नाला गेलो, तर ले-आउट कोरडा राहू नये म्हणून करून ठेवली होती? वहिनींना विचारलं.

"मले काय मालूम, भाऊजी. घरी कुठं काही सांगत होते ते."

सभा येत्या रविवारी आहे. सचिवाकडे दोन्ही किल्ल्या कशा, हा प्रश्न तिथं निघायलाच हवा. पण असं काही विचारायला उभा राहणारा आमच्या संस्थेत एकच माणूस होता.