कायदा करणारा गेला तेव्हा

देशाचा एक माजी पंतप्रधान वारला आणि आमच्या जव्हारात सगळ्यांना एकदम त्याचा पुळका आला. आम्हा निवृत्त शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक गृहस्थ आहेत. तो सत्तेवर होता तेव्हा हेच रोज सकाळी त्याच्यावरचे विनोद पाठवायचे. आता त्यांनीच हार घातलेला फोटो पाठवला आणि खाली ‘असा नेता पुन्हा होणे नाही’. मी फोन उपडा ठेवला. मेल्यावर माणूस चांगला होतो हे मला मान्य आहे, पण निदान चार दिवस तरी जाऊ द्यायचे.

त्यात वाचनालयाच्या मंडळींनी शोकसभा ठरवली आणि भाषण माझ्या गळ्यात मारलं. का, तर मी त्याच्याविरुद्ध सगळ्यांत जास्त बोललो होतो. बोललो होतोच. महागाईवर बोललो, घोषणांवर बोललो, वर्तमानपत्रांना पत्रं धाडली. आता दहा मिनिटांत त्याच्या कामाचं मोल करायचं. सकाळपासून कागद पुढ्यात घेऊन बसलो होतो. एक गोष्ट मात्र काही केल्या नाकारता येत नव्हती. जंगलातली जमीन कसणाऱ्यांचा तिच्यावरचा हक्क मान्य करणारा कायदा त्याच्या सरकारने केला. त्यात एक तरतूद अशी, की कागद नसला तरी गावातल्या वडीलधाऱ्याने ‘ही माणसं इथे कसत होती’ असं सांगितलं, तर ते लिहून घ्यायचं आणि पुरावा धरायचा. दप्तराबाहेरही काही खरं असतं, हे आमच्याकडे कोणी तरी पहिल्यांदाच कबूल केलं होतं. मी हे वाक्य लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. ज्याला इतकी वर्षं नावं ठेवली त्याच्याबद्दल बरं लिहिताना हात जड होतो.

एवढ्यात दारात पोशेऱ्याची म्हातारी येऊन उभी राहिली. मी तिथल्या शाळेत होतो तेव्हापासूनची ओळख. पहिल्या एसटीने आली होती. पदराखालून तिने प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला कागद काढला, तिच्या प्लॉटचा. जंगलातल्या जमिनीला इकडे प्लॉटच म्हणतात. या कागदावर नवा शिक्का कुठे मारून मिळेल, असं तिने विचारलं.

मला आधी काही कळेना, मग उलगडा झाला. ज्याच्या राज्यात कागद मिळाला तो मेला, हे तिने शेजारच्या टीव्हीवर पाहिलं होतं. इथे संस्थान होतं तेव्हा राजा गेला की जुनी सनद नव्या राजाकडून पुन्हा करून घ्यावी लागे, असं तिच्या सासऱ्याने सांगून ठेवलेलं. दिल्लीचा राजा गेला, म्हणजे आता कागद चालणार नाही. पाड्यावरची आणखी चार माणसं आपापले कागद घेऊन एसटी डेपोत थांबली होती. मी कपाळावर हात मारून घेतला. आम्ही शाळा चालवल्या, कायद्याची शिबिरं घेतली, आणि अजून सनदेपाशीच.

मी तिला चांगलंच झाडलं. कायदा कोणा माणसाचा नसतो, करणारा मेला म्हणून कागद मरत नाही, एवढं तरी ध्यानात ठेवायचं, असं बरंच काही. ‘‘मंग बरं,’’ एवढंच ती म्हणाली आणि कागदाची घडी करू लागली.

तिचा खरा प्रश्न वेगळाच होता आणि तो मला ठाऊक होता. ओहोळाच्या खालचं भाताचं शेत तिच्या कागदावर आलं होतं, पण वरचा तुकडा, जिथे नागली होते, मोजणीत सुटला होता. नागली म्हणजे तिच्या घरची अर्ध्या वर्षाची भाकरी. आता त्या तुकड्यावर झाडं लावायची म्हणून वनखात्याचे लोक खड्ड्यांसाठी चुन्याच्या खुणाही टाकून गेले होते. त्यासाठी अपील करायचं, तर तिच्या थोरल्या दिराचा जबाब हवा होता. तो तुकडा कधीपासून कसतात हे डोळ्यांनी पाहिलेला तेवढा एकच माणूस पाड्यावर उरला होता.

‘‘वरच्या तुकड्याचं काय केलंस?’’ मी मास्तरकीच्या सुरात विचारलं. ‘‘त्याच कायद्यात आहे, म्हाताऱ्या माणसाचा शब्द चालतो. दिराला घेऊन ये. किती वेळा सांगायचं?’’

‘‘तो नाय आता. भात कापाया लागलो तवा मेला.’’

तिच्या आवाजात राग नव्हता, तक्रारही नव्हती. इकडची माणसं देवालाही ‘तू’ म्हणतात, तसंच ती मलाही म्हणते.

‘‘गणपतीच्या टायमाला मी त्याला आनला व्हता, गुरजी. तू सांगलास, दिवाळी झाल्यावर ये, आता लिवायचं काम हाय.’’

खरं होतं. म्हाताऱ्याला मी ओट्यावर बसवलं होतं, चहा पाजला होता. त्याचा जबाब लिहून घ्यायला अर्धा तास लागला असता, तो मी दिला नाही. एका दिवाळी अंकाचा लेख त्याच आठवड्यात पाठवायचा होता. हा कायदा आमच्या डोंगरापर्यंत का पोचत नाही, हाच लेखाचा विषय. त्यात मी त्या पंतप्रधानाला बरंच सुनावलं होतं. लेख छापून आला, चांगला झाला म्हणून लोकांचे फोनही आले. मला माझी इतकी शरम वाटली, की तिच्याकडे बघवेना.

‘‘वरच्या तुकड्याचं आता कोन सांगंल?’’ तिने विचारलं. ‘‘मी सांगू?’’

चालत नाही. दावा करणाऱ्याला सोडून दुसऱ्या कोणा म्हाताऱ्या माणसाने सांगावं लागतं. तेही मलाच तिला सांगावं लागलं.