थरथरती रेघ

समोरच्या मालतीकाकूंचा उजवा हात अर्धांगवायूनंतर थरथरतो. तरी रोज सकाळी त्या दारात पाट टाकून बसतात आणि त्याच हाताने रांगोळी काढतात. रेघ ठिपक्याकडे जायला निघते आणि वाटेतच भरकटते. काकू ती पुसत नाहीत, तिथूनच पुढे नेतात.

परवा मला राहवलं नाही. बाजारातून रांगोळीचा छापा आणून त्यांच्यापुढे ठेवला. म्हटलं, "काकू, यात रांगोळी भरून नुसता टेकवायचा. कमळ अगदी सुबक उमटतं."

त्यांनी छापा उलटसुलट करून पाहिला आणि मला परत दिला.

"सुबक असेल गं, पण ते माझं नाही. माझा हात थरथरतो, तर रेघही थरथरणार. ज्याला बघवत नाही त्याने जिन्याकडे बघत जावं."

बरं होणं म्हणजे पहिल्यासारखं होणं, असं मी धरून चालले होते. काकू तर त्या वाकड्या रेघेवरच हक्क सांगत होत्या.

मग त्यांनी माझ्या उंबऱ्याजवळ चिकटवलेल्या प्लास्टिकच्या रांगोळीकडे बोट दाखवलं.

"तुझे हात तर धडधाकट आहेत ना?"

ते बोटही थरथरत होतं. नेम मात्र चुकला नाही.