माडाखालची स्कूटर

मी वसईच्या कोर्टात अपघातांचे दावे लढवते. त्यामुळे घरी कुणी ओल्या पायरीवर पाय ठेवला तरी माझं तोंड सुरू होतं. पण गिरीजच्या आमच्या वाडीत माझं ऐकतंय कोण! "बाबा, सुकलेले नारळ उतरवून घ्या हो," म्हणून मी कंठशोष करायचे. बाबांचं एकच उत्तर, "अगं, नारळाला डोळे असतात. खाली माणूस असला की तो पडत नाही."

गेल्या वर्षी पडला. वीस वर्षं शेजारच्या गास गावाहून आमच्याकडे केळीची पानं कापायला येणाऱ्या मावशींच्या खांद्यावर. हाड मोडलं, डोकं थोडक्यात वाचलं.

बाबा आणि मी त्यांना भेटायला गेलो. मावशी हात गळ्यात बांधून पलंगावर बसलेल्या, डोळे रडून सुजलेले. मला वाटलं, दुखत असेल. तर बाबांना म्हणाल्या, "दादा, नारळाला डोळे असतात ना? मग माज्यावरच का पडला? मी कोनाचं काय वाईट केलं?" बसल्या बसल्या बाई आपलं पाप शोधत होती. "सासूला शेवटचं पानी द्यायला उशीर झाला, तेच असेल."

"काहीतरीच काय, मावशी!" मी ओरडलेच. "कायदा एवढंच विचारतो, असं होईल हे कुणाला आधी कळण्यासारखं होतं का? पापबिप काही नाही!" त्यांना डोंबल पटणार. कोर्टात निदान जजसाहेब मान तरी हलवतात.

 बाबा मात्र म्हणाले, "आदल्या दिवशी हिची स्कूटर मी त्याच माडाखालून काढून पडवीत लावली."

मला आठवलं. मी 'थँक्यू बाबा' म्हणून चावी घेतली होती. का हलवली, हे मीही विचारलं नव्हतं. एवढी वकील मी!

"का काढली, दादा?"

"नारळ पडेल म्हणून, बाय." बाबा म्हणाले. "स्कूटर हलवली, तुला सांगायचं सुचलं नाही. तुझं पाप नाही गं. चूक माझी."

 मावशींनी बऱ्या हाताने बाबांचा हात धरला. "जाऊ द्या, दादा. त्या नारळाला दिसलं नसेल."

"त्याला नसतातच डोळे," बाबा म्हणाले. "मला होते."