जुन्या स्लीपरची बाकं

आमगावच्या मुलींच्या शाळेत मी शिकवायला लागले, तेव्हा मुली जमिनीवरच बसत. पुढच्या तपासणीपर्यंत बाकं झाली नाहीत तर शाळा बंद होईल, असं तपासनिसांनी बजावलं होतं. स्टेशनजवळ रुळांखालून काढलेले लाकडी स्लीपर पडून होते. स्टेशनमास्तरांनी ते दिले आणि एक म्हातारा सुतार कामाला आला.

तो किडलेला भाग तासून टाकी आणि ढलप्या चुलीसाठी घरी नेई. बाक तयार झालं, की त्यावर बसून या टोकापासून त्या टोकापर्यंत घसरत जाई. त्याचं धोतर मागून पार फाटलं होतं. मला हसू आलं.

"हे कशाला, बाबा?" मी विचारलं.

"लाकडाची कूस राह्यली असन तं माह्या धोतराले लागू द्या, बाई. पोरीचं लुगडं फाटलं, तं तिची माय उद्या तिले शाळेत धाडते का?"

माझं हसू तिथंच थांबलं.

तपासणी झाली, शाळा टिकली. त्याला सांगायला गेले, तर तो कामठा गावाकडे कामाला निघून गेला होता. नाव विचारायचं राहूनच गेलं.

पुढल्या वर्षी शाळेत आणखी मुली आल्या आणि बाकं कमी पडली.